नैसर्गिक वाढ

जन्म वजा मृत्यू.
एवढंच असतं ते.
जी बाकी उरते
तिला आमच्या खात्यात नैसर्गिक वाढ म्हणतात.

दर महिन्याच्या सात तारखेला
पंधरा तालुके माझ्या टेबलावर येतात.
बहुतेक मेलवरून. सुरगाण्याकडचे चिंतामण भोये मात्र
अजून कागदच पाठवतात एसटीच्या पार्सलातून,
आकड्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षर:
जुळी आहेत. आई बरी.
कितीदा सांगितलं त्यांना,
फॉर्ममध्ये शेऱ्याला जागा नाही.

मालेगावहून नसरीन मॅडमचा फोन:
रजिस्टर संपलं, नवं पाठवा.
मागे यंत्रमागांची खडखड,
त्या खडखडीच्या वरच्या पट्टीत त्या आकडे सांगतात
आणि मी दोनदा विचारून लिहिते.
मग डब्याच्या वेळी कुणीतरी त्यावर
एक वाक्य टाकतंच.
मी लोणच्याची फोड पुढे करते.
त्याच रजिस्टरची मागची पानं मी पाहिलेली असतात,
वय: चार दिवस,
वय: एक महिना,
वयाच्या जागी नुसती तिरकी रेघ.

निफाडातल्या एका गावाने सलग तीन महिने
शून्य आणि शून्य पाठवलं.
मी म्हटलं, भाऊसाहेब, रिकामा कागद चालत नाही.
ते म्हणाले, रिकामा नाही मॅडम,
गाव जसंच्या तसं आहे.

आणि हे आमचं शहर.
गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून
लिफ्टमध्ये आडवं मावत नाही म्हणून
खुर्चीत बसवून खाली आणलेली माणसं.
दाखल्यावरचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच हवं,
पहाटे तीनला कुठल्यातरी देशातून मेल येतो.
त्यांच्या खिडक्यांत झोके आहेत,
त्यात कुंड्या ठेवल्यात.
तरी शहराची वाढ दिसते ती सिव्हिलमुळे,
पेठच्या, हरसूलच्या बाया
जीपमध्ये कळा सोसत इथवर येतात
आणि त्यांची बाळं काही दिवस
आमच्या खात्यावर जमा होतात.
मरायलाही येतात लोक. गोदावरी आहे ना.
कुणाचं कुणातून वजा करायचं
हे ठरवण्यासाठी एक परिपत्रक आहे, सहा पानी.

माझ्या घराचा फॉर्म मी एकदा गंमत म्हणून भरला.
अकरा वर्षं. जन्म शून्य.
मृत्यू एक, सासरे.
उणे आलं की चौकट लाल होते,
खाली येतं: कृपया माहिती तपासा.
तपासली.

माघात यमुना चौधरी मोहाडीच्या बागेत
द्राक्षं उतरवता उतरवता बाळंत झाली.
गाव सुरगाण्यातलं, वेली दिंडोरीतल्या,
नाळ कापणारी सुईण तिच्याच टोळीतली,
कात्री बागेतलीच, घड छाटायची.
दोन्ही तालुक्यांनी पोर लिहिलं.
मी पत्र पाठवलं: दुबार नोंद.
मग दोन्ही तालुक्यांनी खोडलं.

असं ते पोर सहा-सात महिने
कुठेच जन्मलेलं नव्हतं.

वार्षिक बेरीज जुळेना तेव्हा भोयेंना फोन लावला.
ते म्हणाले, लिहा कुठंही मॅडम,
पोरगी रांगायला लागलीय,
काल चुलीपाशी गेली होती.

मी तिला सुरगाण्यात टाकलं.
दिंडोरीकडून काही तक्रार आली नाही.
दर हजारी आकडा
दशांशातसुद्धा हलला नाही.

छापील प्रतीवर तेवढं,
समासात, पेन्सिलीने:
एक मुलगी. आई बरी.

साहेब सही करताना थांबले.
हे काय?
म्हटलं, खोडायचं राहिलं.