एक हात खिशात

बारा किलोचं हे धूड ‘पोर्टेबल’ म्हणून विकलं गेलं,
यावर विनिफ्रेड ऑलरेनशॉ अजून हसते.
स्टॉकपोर्टचा चढ, रेल्वेच्या कमानींखालची ओल,
बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घालून आणलं तिनं,
वरती कोबी.

नवरा न्यायचा गावोगाव. बिअरच्या कारखान्याचा हिशेबनीस.
पबच्या तळघरात पिंपं मोजायची
आणि ह्याच्यात भरायची.
उजवा खांदा कायमचा उतरला क्लिफर्डचा.
कोट बेतताना शिंपी विचारायचा, पोस्टात होता का?

शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसतं.
खटके काढले की झाकण खाली येतं, तोच कीबोर्ड.
गेल्या रविवारी तिनं प्लग लावला, उगाच.
एक हिरवा ठिपका, मग फट्,
मग करपल्या बोंबलासारखा धूर.
तिचा शब्द हॅडॉक होता.
बोंबील माझा.

वीजपुरवठ्याचा डबा चार स्क्रूंवर.
मी एक दिवस तसाच ठेवला.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,
कपॅसिटरची मेल्यावरही जात नाही.
प्लग काढला तरी बसून असतो अंधारात
तीनशे व्होल्ट उराशी धरून.

मिरजेच्या आयटीआयत तासगावकर सर सांगायचे:
एक हात खिशात. नेहमी.
दोन्ही घातलेत तर वीज काळजातून वाट काढते.
एकोणतीस मुलगे, आणि मी.
पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता.
डावा हात पाठीमागे धरून शिकले,
शिक्षा झाल्यासारखी.
“पाटणे, आईला सांगा खिसा शिवायला.”
आई म्हणाली, काय ठेवणार आहेस त्यात?

ह्या कार्डिगनला दोन आहेत.
एकात रुमाल. एकात हात.

रेझिस्टर टेकवला. मीटरचा आकडा उतरू लागला,
दोनशे, नव्वद, अकरा,
म्हातारं माणूस जिना उतरतं तसा,
शेवटच्या पायऱ्यांवर रेंगाळत.

फुटलेला एकच असता तर बदलला असता.
पण खालची पाटी कोळसा झालेली,
ट्रान्सफॉर्मर गेलेला.
नवा पुरवठा टपालानं आला, तळहाताएवढा.
तारांच्या रंगांवर विश्वास ठेवला नाही,
तेव्हा ज्याचा त्याचा रंग होता.
पाच. बारा. उणे बारा.
प्रत्येक मोजून, चिकटपट्टीवर मराठीत लिहून.
जुन्या पत्र्याच्या डब्यात तो दिसतो
लग्नाच्या हॉलमध्ये फार लवकर आलेल्या पाहुण्यासारखा.

विनिफ्रेड आली. मी बटण दाबलं.
पडदा हळूहळू हिरवा झाला,
फ्लॉपी कुरकुरली.
मी तिच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी, खोटं कशाला बोला.
ती कान देऊन उभी.
“हे ते नाही.”

काय नाही?
“घरघर नाही. रात्री तो खाली बसायचा,
मी वर अंथरुणात. घरघर थांबली
की कळायचं, आता येईल.”

नव्या पुरवठ्याला पंखा लागत नाही.
हे मी तिला समजावलं. गरमच होत नाही तो,
बघ, हात लाव.
तिनं हात लावला. मान डोलावली.
कोबीच्या पिशवीचा बंद नीट केला.

पुन्हा चार स्क्रू.
भंगारात टाकलेला पंखा वर काढला,
पात्यांवरची काजळी पुसली, ती सिगारेटची असावी,
धुरा मोकळा केला, तेलाचा एक थेंब,
बारा व्होल्टवर जोडला.
कशालाच गार करत नाही तो.
नुसता फिरतो.

यंत्रानं विचारलं, आजची तारीख?
स्वतःच्या मते मंगळवार, एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
“खरी टाकायची का?”
टाकलीच पाहिजे असं नाही.
तिनं काही न भरता एंटर दाबलं
आणि उभी राहिली, बराच वेळ,
चहा गार होईस्तोवर.

मग मी बटण बंद केलं.
घरघर उतरत उतरत थांबली.
विनिफ्रेडनं दाराकडे मान वळवली.

माझ्या गॅरेजला जिना नाही.