मापघराचे चिरे

मायदेवांच्या आगरात, विहिरीच्या मागे,
मापघर अजून उभं आहे.
म्हणजे तीन भिंती उभ्या आहेत,
चौथीच्या जागी घाणेरी.

विद्याधरराव पुण्याहून फोनवर म्हणाले,
"शिगवण, चिरे मोजा. चांगले निघतील
तेवढ्यांचा भाव सांगा.
घर पाहुण्यांसाठी देतोय, गाड्या लावायला जागा हवी."
मी टेप घेतला, खडू घेतला, कोयती घेतली.

पहिल्यांदा कौलं गेली.
कुणी नेली ते वाडीत सगळ्यांना ठाऊक,
शाळेच्या मुतारीवर आहेत.
कौलं गेली तसे वासे भिजले,
वासे भिजले तशी वाळवी चढली,
आणि एका श्रावणात आढं
कुणाला न सांगता खाली आलं.
दाराची चौकट सागाची. ती मात्र रीतसर विकली,
पावतीसकट.
मग सांध्यातला चुना धुपला, तिथे उंबर रुजला.
उंबर कोण तोडणार? कुणीच तोडला नाही.

चिरा खाणीत मऊ असतो,
वाऱ्यावर आला की घट्ट होतो.
हे चिरे दीडशे वर्षं वाऱ्यावर.
कोयतीचा दांडा मारला तर
तांब्यासारखे वाजतात.

इथे दिवाळीनंतर भात यायचं, डोक्यावरून,
घाटी उतरून, अर्धं खोताचं.
मापारी मांडी ठोकून बसायचा.
पहिल्या पायलीला तो एक म्हणत नसे,
लाभ म्हणे.
लाभ, दोन, तीन.
माझा बाप सांगायचा,
लाभ कुणाचा हे विचारायला तोंड उघडावं
तोवर चार झालेले असायचे.

दाराच्या आतल्या अंगाला, चुन्यावर,
गेरूच्या उभ्या रेघा सापडल्या.
पाचापाचाचे गठ्ठे, ठाम, एका हाताचे.
आणि त्यांच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर,
खिळ्याने ओढलेल्या दुसऱ्या.
बारीक, तिरक्या, घाईत.
पोर असेल एखादं,
किंवा पाटी उतरवून उकिडवी बसलेली बाई.

वर एकशे बारा.
खाली एकशे एकोणीस.

पुन्हा मोजल्या. बोट लावून मोजल्या.
सात पायल्या.
त्या कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.
रेघांना आडनाव नसतं.
सात पायल्या भात म्हणजे किती दिवस,
हा हिशोब करायचा नाही असं ठरवलं
आणि उंबराखाली बसून केला:
पेज करून, पाच माणसं, वीसेक दिवस.

तेवढा तुकडा काढून न्यावा म्हणून
छिन्नी लावली.
पहिल्याच ठोक्याला चुना
पिठासारखा ओंजळीत आला,
वरच्या रेघा आणि खालच्या रेघा एकत्र.

दुपारी फोन लावला.
म्हटलं, नऊशे चाळीस निघतील, बाकी फुटके.
"एवढे फुटके?"
म्हटलं, जुनं काम आहे, साहेब.
"बरं. तुम्ही म्हणाल तसं.
आम्हाला काय कळतंय त्यातलं."

फुटके नव्हते.
फुटके चार होते, फार तर पाच.
वरचे साठेक चिरे कुठे जाणार
तेही मला अजून ठाऊक नाही.
वाडीच्या विहिरीचा कठडा खचलाय, ते एक.
माझ्याच पडवीला पायरी नाही, ते दुसरं.
रात्री झोप लागली. लागायला नको होती, असं वाटलं.

सोमवारी भिंत उतरवायला घेतली.
बसप्पा विजापूरचा, खाणीवर हात बसलेला,
टेंपोत चिरे रचत होता,
मी खडूने खूण करत मोजत होतो.
लाभ, दोन, तीन—

तो चिरा पोटाशी धरून थांबला.
"मालक," म्हणाला,
"एक कुठे गेला?"