वीस अक्षरांत

सावद्याच्या केळी पिकवणीत, चार नंबरच्या खोलीबाहेर
उलट्या क्रेटवर बसून मी लॉगरला शिकवत होतो
कधी ओरडायचं.
आत अठरा अंश. बाहेर पंचेचाळीस,
आणि माझा शर्ट दोन्हींच्या मधे.

मर्यादा घालणं सोपं.
वीसच्या वर गेलं तर पहिला रिले, लाल दिवा.
चौदाच्या खाली दुसरा, कारण गारठ्यानं साल काळवंडते
आणि गर कितीही गोड असो, व्यापारी सालच बघतो.
कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर गेला की भोंगा.
केळी पिकताना श्वास सोडतात,
खोली बंद असली तर त्याच श्वासानं
त्यांचं पिकणं अडतं. माणूस तर आडवाच होतो.

अवघड असतो उशीर.
हमाल दार उघडून माल आत घेतात, पारा चढतो.
ते संकट नाही, ते काम आहे.
म्हणून यंत्राला सांगावं लागतं, दहा मिनिटं दम धर.
शिवाय अर्ध्या अंशाची ढील,
नाहीतर काठावरचा आकडा रात्रभर
रुसलेल्या जावयासारखा आत-बाहेर करतो
आणि भोंग्याला झोप नाही.

सातव्या चॅनलला काहीच जोडलेलं नव्हतं.
तोच आधी बोंबलला, उणे दोनशे अंश!
त्याला बंद केलं.
आमच्या ऑफिसातल्या काहींसाठी हा मेनू मिळत नाही.

मग संदेश. लिपी इंग्रजी,
वीस अक्षरं, मधल्या जागा धरून.
मी लिहिलं, हाय टेंप चेंबर फोर.
मागं सुभान तडवी, रात्रपाळीचा, काखेत बॅटरी.
"काय लिहू राह्यला भो?"
सांगितलं.
"गरम झालं ते तं मले दाराले हात लावूनबी समजीन.
काय करू, ते लिही ना."

एकशे बारा पानांच्या पुस्तकात हे कुठं नव्हतं.
खोडलं. लिहिलं, दार उघड.
त्यानं एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं,
डी, ए, आर... आणि हसला.
"बाकीची जागा?"
रिकामी राहते.
"मंग माझं नाव टाक. कोनाले सांगू राह्यलं
ते त्यालेबी कळू दे."

सुभान दार उघड. सोळा.
सुभान आत जाऊ नको. एकोणीस.
एक जागा उरली, तिथं काही घातलं नाही.

एसेमेसच्या यादीत पहिले पिंपरुडेशेठ,
दुसरा मॅनेजर, तिसरा मी, फक्त चाचणीपुरता.
निघताना काढायचा होता नंबर.
पाचोऱ्याहून कुणाचा तरी फोन आला आणि राहिलं.

रात्री दोन चाळीसला, पिंप्राळ्यात, तिसऱ्या मजल्यावर
फोन उजळतो, सुभान आत जाऊ नको.
"कोण सुभान?" बायको कुशीवर वळत विचारते.
मी छताकडे बघत थांबतो,
त्यानं बटण दाबलं की दुसरा येतो, कळलं.
कधी चार मिनिटं. एकदा नऊ.
नऊ मिनिटांत माणूस जळगाव ते सावदा
मनातल्या मनात तीनदा जाऊन येतो.

दिवाळीनंतर कॅलिब्रेशनला गेलो
तर क्रेटवर एक पोरगं, कानात वायर, लोकेंद्र.
सुभान पोळ्यालाच यावलला गेला, लेकीकडे.
गुडघे म्हणे.
म्हणजे दोन महिने मी कुणाच्या बटणावर झोपत होतो?

मेनू उघडला, नाव बदलायला.
लोकेंद्र आत जाऊ नको,
मोजलं. एकवीस.
एक अक्षर बाहेर.

"राहू द्या भो," पोरगं म्हणालं,
"सुभान म्हटलं का मी उठतो."

मी सेव्ह न करता बाहेर आलो.
तिसरा नंबरही दिसला होता मला यादीत.