सॉरी

टॉडमर्डनच्या बाजारात एनिड ऑलरेनशॉ
दाराला धडकते आणि दारालाच म्हणते, सॉरी.
धसमुसळा पोरगा तिच्या पायावर पाय देतो,
तरी सॉरी तीच म्हणते.
बसमध्ये सुटे पैसे मोजताना,
चीजवाल्याकडे अर्धाच तुकडा मागताना,
मांजराला उठवून खुर्चीत बसताना.
दिवसाकाठी तीसेक सॉऱ्या,
खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या,
एक विरघळली की दुसरी.

शब्द तसा म्हातारा आहे, तिच्याहून पुष्कळच.
हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं सारिग.
सार म्हणजे जखम, ठणका;
सारिग म्हणजे ज्याचं दुखतंय तो.
तिकडे घसा दुखला तर आजही सोअर म्हणतात.
माफीबिफी नंतरची.
आणि सॉरो, म्हणजे शोक, हा त्याचा सख्खा नव्हे, चुलतसुद्धा नव्हे.
ढवळ्याशेजारी पवळा बांधला,
उच्चार तेवढा लागला.
आपल्याकडे सल म्हणतात. कानाला जवळचा वाटतो,
पण उगाच नातं जोडू नये.
काटा सगळीकडेच टोचतो, इतकंच.

मग तो झिजत गेला.
ऐकू आलं नाही, तर सॉरी.
नाही म्हणायचंय, तर आधी सॉरी, मग पण.
कालव्याकाठच्या पडक्या गिरणीकडे बोट दाखवून
काय ही सॉरी अवस्था, असंही म्हणतात.

एका माणसाला मात्र एनिडने तो कधी दिला नाही.
भाऊ, क्लिफर्ड. कालव्यापलीकडे, चालत बारा मिनिटं.
त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये कबुतरखान्याची कडी
तिच्या हातून उघडी राहिली, आणि रात्री कोल्हा आला.
शर्यतीची अकरा कबुतरं. त्यात ती निळसर मादी,
फ्रान्सहून एका दिवसात घरी परतलेली.
सकाळी तो बादलीत पिसं गोळा करत होता,
ही चहाचा कप घेऊन उभी,
आणि तोंडातून निघालं, "कडीच सैल होती."

त्यानंतर एकेचाळीस वर्षं
दारांना, मांजरांना, अनोळखी पायांना.

गुरुवारी ती हॅलिफॅक्सच्या इस्पितळात गेली.
खुब्याचं हाड. उशीवर तो एवढासा दिसत होता.
आणलेली द्राक्षं तिच्या मांडीवरच राहिली.
शब्द जिभेवर आला होता, तोच, दारावाला, मांजरावाला,
गोड, गुळगुळीत.
तिने तो गिळला.
म्हणाली, "सोअर आहे का रे? फार?"

क्लिफर्डने कानामागे हात धरला.
"सॉरी?"

ती उठली, खुर्ची ओढत पलंगाला वळसा घातला,
आणि त्याच्या बऱ्या कानाशी जाऊन बसली.