दीडपट वेळ

डुलुथच्या कॉलेजात तळघरातली ही खोली,
बॉयलरच्या भिंतीला लागून. जानेवारीत
हीच तेवढी उबदार.
टेबल, दोन खुर्च्या, टिकटिक न करणारं घड्याळ.
मी प्रश्न वाचते. लेव्ही हाकाला ऐकतो, डोळे मिटून.

नियमांचा कागद समोर चिकटवलाय:
अर्थ सांगू नये. मान हलवू नये.
आवाजातून उत्तर सांडू नये, असं त्यात कुठे नाही,
ते माझं मीच शिकले,
चारही पर्याय एकाच उंचीवर ठेवायला,
चार कपांत चहा सारखा ओतावा तसे.

"पुन्हा," तो म्हणतो.
मी पुन्हा वाचते.
"पुन्हा."

वर, दोनशे दोनमध्ये, बाकीचे अठ्ठावीस जण
एव्हाना पान उलटून पुढे गेले असतील.
त्यांच्या सरांनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं,
इस्पितळात याला दीडपट वेळ कोण देणार?
मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.
अजूनही पुरतं सुचलेलं नाही, खरं सांगायचं तर.
एवढंच कळतं की अक्षरं याच्यासमोर बसून राहत नाहीत,
कुत्रं धावत आलं की धक्क्यावरचे सीगल उठावेत
तशी उठतात,
आणि हा एकेक खाली उतरायची वाट बघतो.
रोज. पहिलीपासून.
बाई "आळशी" म्हणायच्या तेव्हाही.

प्रश्न एकोणीस. माझा घसा सुकलेला.
"हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या शिरेत..."
त्यानं डोळे उघडले.
"शीर? हृदयापासून लांब नेते ना? मग धमनी असणार.
कागदावर बघा."

मी बघितलं.
धमनीच होती, ढळढळीत,
साठ वर्षं बिनबोभाट वाचत आलेल्या
माझ्या डोळ्यांपुढे.

वाचणाऱ्याची चूक लिहायला एक रकाना असतो.
तो मी पहिल्यांदाच भरला.
त्याला हसू आलं, मग मलाही,
आणि हसण्यात गेलेला वेळ कुणाच्या खात्यात धरायचा
हे आम्ही वर विचारायला गेलो नाही.

शेवटी सही.
इथली माणसं गोठलेल्या सरोवरावर जाताना
लोखंडी पहारीनं बर्फ ठोकत जातात,
एक ठोका, मग पाऊल.
तसं तो आडनाव लिहितो. एच. थांबतो.
ए. अजून एक ए.
के.

मी पेनासाठी हात पुढे करत नाही.
बाहेर बस उभी असेल,
किंवा गेली असेल.