एक आड, पाच पोहरे

जाळं पाण्यात आहे. ते वर येईतो चार तास.
खानावळीच्या टेबलाला पट्ट्याने आवळलेला
जहाजावरचा एकुलता कॉम्प्युटर,
त्याच्यापुढे प्लेअर,
आणि शेगडीवर कॉडच्या डोक्यांचं सूप.
दोन्हींकडे बघायचं मीच. मी स्वयंपाकी.

चूकही माझीच.
तोर्शाव्नच्या दुकानातून चार एकदम आणले,
एका बैठकीत चालू केले,
नाव विचारलं तेव्हा घाईघाईत चारदा लिहिलं: तुम्मास.
आता कुठलीही केबल लावा,
कॉम्प्युटर म्हणतो, तुम्मास आला.
आणि सगळ्यांच्या पोटात सगळ्यांचं सगळं कोंबतो,
मावेल तेवढं, हाताला लागेल तसं.

पाचवा कप्तान सामालचा, घरून भरून आणलेला.
तो लावला तर पडद्यावर प्रश्न:
हा दुसऱ्या कॉम्प्युटरचा आहे, पुसून नव्याने भरू?
माझे हात पिठाचे. अंगठ्याने दाबलं, हो.
त्याच्या बायकोच्या चर्चमधली अकरा वर्षांची गाणी
भाकरी उलटायला लागतो तेवढ्या वेळात गेली.
कप्तान काही बोलला नाही.
त्या रात्री दोन बटाटे कमी खाल्ले, एवढंच.

म्हणून आज नीट बसलोय.
आधी टूथब्रशने खाचा साफ केल्या.
बार्दुरच्या प्लेअरच्या तोंडात माशाचं खवलं निघालं,
रॉईच्यात मिठाचा थर.
मग एकेकाला त्याचं नाव दिलं, एकेकाची वेगळी यादी केली,
'आपोआप' या शब्दापुढची खूण काढून टाकली.
सोपं होतं. गेले सहा आठवडे कुणी केलं नाही, एवढंच.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
पण इथे उलटंही खरं:
पोहऱ्यातलं आडात परत ओतता येत नाही.
कप्तानची गाणी कुणाच्या तरी प्लेअरवर असती
तरी या मशीनने ती वर घेतली नसती.
परत येतो तो फक्त आकडा.
कुठलं गाणं किती वेळा ऐकलं, तेवढं
केबलमधून निमूट चढून येतं.

मी तो रकाना आज पहिल्यांदा बघितला.

सर्वात वर गाणं नव्हतंच.
'सात', एवढंच नाव. चार मिनिटं.
इंजिनवाल्या हेर्गेइरची धाकटी, सुन्वा,
शाळेचा धडा वाचते.
'दीपस्तंभ' शब्दावर अडते, नाक ओढते,
म्हणते, थांब, परत,
आणि परत तिथेच अडते.
एकसष्ट वेळा, सोमवारपर्यंत.
बापच तो. ऐकणारच.

पण हेर्गेइरचा प्लेअर मंगळवारी बिल्जच्या पाण्यात पडला.
तेव्हापासून माझ्याच तांदळाच्या डब्यात पुरलेला आहे.
आणि आकडा आज ब्याऐंशी.

म्हणजे त्या गोंधळात सात नंबर
सगळ्यांकडे गेला होता,
आणि कुणीतरी तो काढून टाकला नव्हता.
बार्दुर एकोणीसचा, अजून स्वतःचे मोजे हरवतो.
रॉईचा मुलगा आईबरोबर डेन्मार्कला.
ओल्वुरचं मला काहीच माहीत नाही,
तीन वर्षं त्याला वाढतोय.

एकेक प्लेअर लावत गेलो असतो
तर कळलं असतं कुणाच्या केबलवर आकडा उडी मारतो.
एवढं सोपं.
पहिली केबल हातात घेतली. ठेवली.
रकान्यावर उजवं बटण दाबून
तो पडद्यावरून घालवला.

मग पाचही याद्यांत सात नंबर ओढून टाकला.
कप्तानच्यासुद्धा. तिथे जागा भरपूर होती.

रॉई ओल्या हातमोज्यांनिशी दारात:
झालं का सगळं नीट?
म्हटलं, एक अडचण राहिलीय, सगळ्यांत तीच आहे,
पण त्याने काही बिघडत नाही.
तो म्हणाला, तुम्मास, सूप.
आणि खरंच, उतू गेलं होतं.