मंगळवारी, लाइन गेल्यावर

चिचटोल्यात सगळं चारात चालतं.
भजन चारात, वरात चारात,
दंडारीतलं ढोलकंही शेवटी चारातच येऊन बसतं,
बैल गोठ्यात येतो तसं, न हाकता.

मी गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.
सुई टोचण्याआधी गाईला थोपटावं लागतं:
एक जोराची, दोन हलक्या.
बावीस वर्षं एवढंच माझं संगीत.
ती थाप हातातून जाईना, मग रात्री
खाटेच्या माचव्यावर वाजू लागली
आणि बायको म्हणाली, बाहेर जाऊन वाजवा.

म्हणून धानगिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहिलं:
मंगळवारी, लाइन गेल्यावर.
फक्त तिनाच्या चाली.
माईक नाही. सत्कार नाही.
नारळ आणू नये.

पहिल्या मंगळवारी कवडू आला. एकटा.
त्याचा हात भजनात मुरलेला,
एक-दोन-तीन म्हणता म्हणता
बोटं आपोआप चौथी वाजवून मोकळी.
"का जी ड्रेसर," तो म्हणाला,
"चौथी जाते कोठी?"
मला सांगता आलं नाही.
डास मारत बसलो दोघं.
लाइन आली तेव्हा आम्ही
दोन आणि तीनच्या मधेच कुठंतरी होतो.

मग गिरणीवाल्या शकीलभाईंनी पेटी काढली.
तिची एक काळी पट्टी बसलेली,
तिथं सूर यायचा नाही, नुसती टक्.
पुढचे दोन मंगळवार
आम्ही त्या टक्-ला सम समजून वाजवलं.
गावात बातमी गेली
की ड्रेसर, कवडू आणि शकील
अंधारात काहीतरी दुरुस्त करतात.

झिबलाबाई गाण्यासाठी आली नव्हती.
कोंडा न्यायला आली होती, म्हशीला.
डोक्यावर पोतं तसंच, उभी राहून ऐकलं.
"दुसरीवर कायले एवढा जोर देता?
गानं मले येते. पन सूप पायजे.
सुपाबिगर ते तोंडात येत नाही."

सूप आणलं. पसाभर धान घेतलं.
फटक, सर, सर.
फटक, सर, सर.
दाणे उडत, परत येत,
आणि कवडूचे हात ढोलकीवर पहिल्यांदा
नवख्या पाहुण्यासारखे सांभाळून बसले.
"अन् चौथी?" त्यानं विचारलंच.
"तिचाच त कोंडा होते, बापू.
वाऱ्यानं जाते."

गाणं होतं नणंदेनं धानाच्या ढोलीत लपवलेल्या नथीचं.
चार ओळींनंतर थांबलं.
पुढचं बहिणीला यायचं, चुलबंदच्या पल्याड दिलेली,
ती वारली; तिच्या शेजारणीला येत असेल, नसेल.

अर्धी चाल आणायला सायकलनं गेलेला कवडू
कॅरिअरवर अख्खी बाई घेऊन आला.
फुलवंता मडावी. पाय धुतले, चहा नको म्हणाली,
आणि गोंडीत सुरू केलं.
त्यात नथ नव्हती, नणंदही नव्हती.
पहाटे मोहफुलं वेचणारी कोणी होती,
एवढं शकीलभाईंना कळलं, तेही अंदाजानं.
पण चाल तीच.
झिबलाबाई जिथं थांबली होती
तिथून ती सरळ पुढं निघाली,
जशी वाट आधीपासून झाडलेली.
दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.
सुपाकडे बघत होत्या.

नथ सापडली की नाही, ते अजून माहीत नाही.

गेल्या मंगळवारी लाइन गेलीच नाही.
आठ वाजले, सव्वाआठ.
ओट्यावर अकरा माणसं, उजेडात,
लग्नात चुकून आल्यासारखी,
हात कुठं ठेवावा ते कळेना.
शेवटी फुलवंता उठली
आणि गिरणीचा बल्ब बंद केला.

परतताना पांदीनं चालत होतो.
माणसाला पाय दोन. तिनात चालायचं
तर सम एकदा डाव्यावर पडते, एकदा उजव्यावर;
बावीस वर्षांत कुठल्याच गाईनं हे सांगितलं नव्हतं.
मी अडखळलो, हसलो, पुन्हा मोजलं.
मागून कवडू अंधारातून ओरडला,
"ड्रेसर, पुढच्या खेपेला
सूप दोन लागन!"